सहीमागचा माणूस

महाराष्ट्रातल्या अनेक शाळांच्या भिंतींवर अब्राहम लिंकनचे एक पत्र चौकटीत लावलेले असते. मुलाला शाळेत पाठवताना बापाने मुख्याध्यापकांना केलेली ती विनवणी. वसंत बापटांनी तिला मराठी रूप दिले आणि ती इतकी आपली झाली की स्नेहसंमेलनात हे पत्र म्हणून दाखवणारे मूल आजही हमखास निघते. पण लिंकनचा कागद अन् कागद जपणाऱ्या अमेरिकी अभ्यासकांना हे पत्र कुठेच सापडलेले नाही. ते त्याने लिहिले याला पुरावा नाही. जॉर्ज वॉशिंग्टनच्या चेरीच्या झाडाचेही तेच. झाडावर कुऱ्हाड चालवून वडिलांपुढे खरे बोलणारा तो मुलगा मेसन वीम्स नावाच्या चरित्रकाराने उभा केला, तोही वॉशिंग्टन वारल्यानंतर. दोन राष्ट्राध्यक्षांच्या सचोटीची साक्ष म्हणून सांगितल्या जाणाऱ्या या दोन गोष्टी, आणि दोन्ही पुराव्याला उतरत नाहीत.

यात कोणाला हसावे असे काही नाही. मोठ्या पदावरच्या माणसाने खरे वागावे असे ज्या समाजाला वाटते, तो अशा गोष्टी रचतोच. तोटा होतो तो निराळा. प्रामाणिकपणा म्हणजे लहानपणी केव्हातरी खरे बोलणे, अशी समजूत रुजते. तो माणूस खुर्चीत बसल्यावर, खरे बोलणे महागात पडू लागल्यावर कसा वागला, हे तपासायचे राहून जाते.

आपल्याकडे नामदार गोखल्यांनी शाळेतल्या गणितावरून खरे बोलल्याची गोष्ट अशीच सांगतात. तिच्यावाचून काही अडत नाही, कारण एकतीस वर्षांच्या गोखल्यांची कागदोपत्री नोंदलेली गोष्ट तिच्याहून जड आहे. १८९७ साली पुण्यात प्लेग होता आणि वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी गोखले इंग्लंडमध्ये होते. प्लेगच्या तपासणीत गोऱ्या सोजिरांनी बायकांची विटंबना केल्याची पत्रे त्यांना पुण्याहून आली. त्यांच्या भरवशावर गोखल्यांनी तिकडच्या वर्तमानपत्रात तसा आरोप केला. परतल्यावर पुराव्याचा प्रश्न आला. पत्रे लिहिणारे पुढे यायला तयार नव्हते आणि त्यांची नावे उघड करायला गोखले तयार नव्हते. जे सिद्ध करता येत नाही ते मागे घ्यायचे, एवढाच मार्ग त्यांना दिसला. त्यांनी जाहीर आणि बिनशर्त माफी मागितली. प्लेगबंदोबस्तावरचा अधिकारी रँड याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्याला जेमतेम दीड महिना झाला होता, वातावरण पेटलेले होते आणि माफीमुळे आपल्याच लोकांची बोलणी त्यांना खावी लागली. आठ वर्षांनी, १९०५ मध्ये, ते बनारसच्या काँग्रेसचे अध्यक्ष झाले. त्याच वर्षी त्यांनी पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला. माफीच्या मजकुराखाली सही करताना त्यांना मिळण्यासारखे काही नव्हते, गमावण्यासारखे पुष्कळ होते. अध्यक्षाची नीतिमत्ता मोजायची तर अशा सहीवर मोजावी, एवढेच या पुस्तकाचे म्हणणे आहे.

पुस्तकात भारताच्या राष्ट्रपतींची चरित्रे नाहीत. जन्म, शिक्षण, पुरस्कार, परदेशदौरे ही माहिती इतरत्र मुबलक मिळते. इथे घेतले आहेत ते मोजके प्रसंग, आणि प्रत्येक प्रसंगाच्या मध्यभागी एक कागद आहे. त्यावर सही झाली, किंवा झाली नाही, किंवा कागद परत गेला.

मुळशी तालुक्यातल्या घोटावड्यात राहणाऱ्याला सहीचे मोल वेगळे समजावून द्यावे लागत नाही. पिरंगुटच्या अंगाला कारखाने आले, हिंजवडीला आयटी पार्क झाला आणि मधल्या या पट्ट्यात एकेका गुंठ्याला भाव चढला. साठेखत, खरेदीखत, कुलमुखत्यारपत्र, हक्कसोडपत्र हे शब्द घराघरांत शिरले. न वाचता केलेली सही, दडपणाखाली उठवलेला अंगठा, आणि सगळे वाचून, समजून, न केलेली सही यांतून कोणत्या घराचे काय झाले, हे पाराशी बसणाऱ्यांना तोंडपाठ असते. राष्ट्रपतिभवनातली सही याच जातीची आहे. फक्त तिच्याखाली सगळा देश येतो.

आपल्या राष्ट्रपतीच्या हातात फारसे काही नसते, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. ती बऱ्याच अंशी खरी आहे. अमेरिकेचा अध्यक्ष स्वतः राज्य चालवतो, आपला राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतो. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने हा सल्ला बंधनकारक असल्याचे कलम ७४ मध्ये स्पष्ट लिहिले. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने एवढी सवलत दिली, की सल्ला फेरविचारासाठी एकदा परत पाठवता येईल. पुन्हा आला तर मानावाच लागेल. पण त्याच राज्यघटनेच्या कलम ६० नुसार राष्ट्रपती शपथ घेतो ती घटनेचे जतन, संरक्षण आणि रक्षण करण्याची. सरकारचे रक्षण करण्याची नव्हे. कलम ७८ नुसार तो पंतप्रधानांकडे माहिती मागू शकतो. म्हणजे प्रश्न विचारणे, वेळ घेणे, कागद एकदा परत पाठवणे आणि काहीच जमले नाही तर पद सोडणे, एवढी आयुधे त्याच्यापाशी उरतात. यांतले एकही आयुध कायद्याच्या जोरावर चालत नाही. ती चालवायला माणूस लागतो. ज्या पदाला सत्ता थोडी, त्या पदावर चारित्र्याची गरज जास्त, ती यासाठी.

याचा सर्वांत कडू दाखला २५ जून १९७५ च्या रात्रीचा. अंतर्गत आणीबाणीच्या घोषणेवर राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी त्या रात्री सही केली. मंत्रिमंडळाची बैठक झाली ती दुसऱ्या दिवशी, २६ जूनच्या पहाटे. ज्या मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने राष्ट्रपतीने वागायचे, त्याला सही झाल्यानंतर कळवण्यात आले. हा ठराव मंत्रिमंडळासमोर आला होता का, एवढे विचारायला कोणत्याही जादा अधिकाराची गरज नव्हती. त्या प्रश्नाने आणीबाणी टळली असती असे नाही. पण विचारला गेला असता तर नोंद राहिली असती. त्याच वर्षी डिसेंबरात अबू अब्राहम यांचे एक व्यंगचित्र ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये छापून आले. राष्ट्रपती आंघोळीच्या टबात बसलेले आहेत आणि तिथूनच सही केलेला कागद बाहेर देत आहेत. राष्ट्रपतिपदावर इतकी बोचरी टीका नंतर क्वचितच झाली. पुढे चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याशिवाय राष्ट्रपतीने आणीबाणीची घोषणा करू नये, असे कलम ३५२ मध्ये घातले. एका माणसाने न विचारलेला प्रश्न संसदेला घटनेत लिहून ठेवावा लागला.

राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी मात्र प्रश्न विचारले. ऑक्टोबर १९९७ मध्ये गुजराल सरकारने उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याची शिफारस केली. कल्याणसिंह यांनी नुकतेच विधानसभेत बहुमत सिद्ध केले होते. नारायणन यांनी शिफारस फेरविचारासाठी परत पाठवली आणि सरकारने ती सोडून दिली. वर्षभराने, सप्टेंबर १९९८ मध्ये, वाजपेयी सरकारने बिहारमधले राबडीदेवींचे सरकार हटवण्याची शिफारस केली. तीही परत गेली. पहिल्या वेळी परतलेल्या कागदाचा फायदा भाजपला झाला, दुसऱ्या वेळी भाजपच्या विरोधकांना. तत्त्व आहे की सोय आहे हे ओळखायची यापेक्षा सोपी रीत नाही: एकाच माणसाने दोन्ही बाजूंना तोच नियम लावला का, ते पाहावे. फेब्रुवारी १९९९ मध्ये बिहारची शिफारस दुसऱ्यांदा आली, तेव्हा नारायणन यांनी सही केली. घटनेने दिलेली मुभा त्यांनी पुरेपूर वापरली, पण तिच्या पुढे पाऊल टाकले नाही. हट्ट आणि तत्त्व यांतला फरक या तिसऱ्या प्रसंगात दिसतो.

डॉ. कलाम यांचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे आणि म्हणूनच त्याला पुस्तकात जागा जास्त दिली आहे. कलाम म्हटले की साधेपणाच्या गोष्टी निघतात. २००६ मध्ये त्यांचे पन्नासहून अधिक नातेवाईक राष्ट्रपतिभवनात राहून गेले आणि त्यांचा सुमारे साडेतीन लाखांचा खर्च कलामांनी आपल्या खिशातून भरला, असे त्यांचे सचिव पी. एम. नायर यांनी लिहिले आहे. ही गोष्ट सांगण्यासारखी आहेच. पण मे २००५ मध्ये, मॉस्कोच्या दौऱ्यावर असताना, बिहार विधानसभा बरखास्त करण्याच्या घोषणेवर कलामांनी रातोरात सही केली, हीही तितकीच सांगण्यासारखी गोष्ट आहे. त्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने ती बरखास्ती घटनाबाह्य ठरवली. निकालानंतर आपण राजीनामा लिहिला होता आणि पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या आग्रहामुळे तो दिला नाही, असे कलामांनी २०१२ च्या ‘टर्निंग पॉइंट्स’ या पुस्तकात स्वतःच सांगितले. मे २००६ मध्ये लाभाच्या पदासंबंधीचे विधेयक त्यांनी संसदेकडे परत पाठवले; संसदेने ते जसेच्या तसे पुन्हा मंजूर केल्यावर ऑगस्टमध्ये सही केली. घरच्या पाहुण्यांचा हिशेब चोख ठेवणारा माणूस सरकारी कागदावर एका रात्री घाईत चुकू शकतो, आणि चुकल्यावर त्या चुकीची नोंद स्वतः लिहूनही ठेवतो. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत.

आपल्या समाजाला पैशाची सचोटी लवकर कळते. कोणी किती घेतले, कोणाच्या नावावर काय झाले, याकडे आपले लक्ष चटकन जाते. प्रतिभाताई पाटील या राष्ट्रपतिपदावर पोचलेल्या पहिल्या महिला आणि आपल्या महाराष्ट्राच्या. २०१२ मध्ये, निवृत्तीनंतरच्या त्यांच्या निवासासाठी पुण्यात खडकीला लष्कराच्या जागेवर बंगला बांधण्यावरून माजी सैनिकांनी टीका केली, तेव्हा त्यांनी तो बंगला नाकारला. टीका झाली हे जसे लक्षात राहते, तसे माघार घेतली हेही नोंदवायला हवे. पण सचोटी पैशापाशी संपत नाही. एक पैही न खाणारा माणूस न वाचता सही करणारा असू शकतो, आणि त्याने होणारे नुकसान खाल्लेल्या पैशापेक्षा मोठे असते.

आता एक अवघड प्रश्न. माणूस प्रामाणिक आहे, तत्त्वाचाही आहे, पण त्याचे तत्त्वच आपल्याला पटणारे नसेल तर? १९५१ चा हिंदू कोड बिलाचा प्रसंग या प्रश्नासाठी घेतला आहे. राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांचा त्या विधेयकाला मनापासून विरोध होता. हंगामी संसदेने, जनतेने निवडून न दिलेल्या सभागृहाने, असा कायदा करू नये असे त्यांचे मत होते आणि आपण स्वतःच्या विवेकाने निर्णय घेऊ असे त्यांनी नेहरूंना कळवले. ॲटर्नी जनरल सेटलवाड यांनी मत दिले, की राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याला बांधलेले आहेत. दुसऱ्या बाजूला, बिल रेंगाळत ठेवले म्हणून बाबासाहेब आंबेडकरांनी २७ सप्टेंबर १९५१ रोजी कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला. दोघेही सच्चे. एक घटना समितीचा अध्यक्ष, दुसरा मसुदा समितीचा अध्यक्ष. मते मात्र दोन टोकांची.

प्रस्तुत लेखकाच्या मते त्या वादात न्याय बाबासाहेबांच्या बाजूला होता. पण राजेंद्रप्रसादांचा मोठेपणा पुढे दिसतो. निवडणुका झाल्या, नवी संसद आली, तुकड्यातुकड्यांनी तेच कायदे मंजूर झाले आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यावर, १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यावर राष्ट्रपती म्हणून राजेंद्रप्रसादांचीच सही झाली. आपले मत त्यांनी लपवले नाही आणि पदाच्या जोरावर लादलेही नाही. आज मुळशीत जमिनीच्या व्यवहाराला बहिणीची सही लागते, ती मागायला भाऊ तिच्या दारात जातो, त्याचे मूळ १९५६ च्या त्या कायद्यात आहे. १९९४ मध्ये महाराष्ट्राने आणि २००५ मध्ये केंद्राने मुलींचा हक्क आणखी पक्का केला. म्हणून राष्ट्रपतीच्या तत्त्वनिष्ठेला आम्ही एक अट घातली आहे: ते तत्त्व घटनेशी बांधलेले असावे, स्वतःच्या आवडीनिवडीशी नव्हे.

पुस्तकाचा सर्वांत मोठा भाग मात्र अशा माणसाचा आहे जो राष्ट्रपती झालाच नाही. चिंतामणराव देशमुख यांचा. जन्म १४ जानेवारी १८९६, महाडजवळच्या नाते गावी. मॅट्रिकला पहिले येऊन जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्ती, केंब्रिज, आयसीएसच्या परीक्षेत पहिला क्रमांक. १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९५० ते १९५६ देशाचे अर्थमंत्री. इंग्रज सरकारची ‘सर’ ही पदवी त्यांनी घेतली होती, तुरुंग त्यांनी कधी पाहिला नव्हता. त्यामुळे स्वातंत्र्यलढ्यातल्या पुढाऱ्यांच्या मेळ्यात ते थोडे परकेच राहिले. ‘मेघदूता’चा मराठी अनुवाद करणारा हा अर्थतज्ज्ञ सभा जिंकणाऱ्यांतला नव्हता. १९५२ मध्ये कुलाब्यातून ते लोकसभेवर निवडून आले ते काँग्रेसच्या तिकिटावर.

संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात मुंबईत पोलिसांच्या गोळ्यांनी माणसे मेली. त्या गोळीबाराची न्यायालयीन चौकशी व्हावी असे देशमुखांचे म्हणणे होते. ती झाली नाही. जून १९५६ मध्ये मुंबईत काँग्रेस महासमितीच्या बैठकीत नेहरूंनी मुंबई पाच वर्षे केंद्राच्या ताब्यात राहील असे जाहीर केले. त्याआधी मंत्रिमंडळाला विचारले नव्हते. जुलैमध्ये देशमुखांनी अर्थमंत्रिपद सोडले आणि लोकसभेत निवेदन करताना या दोन्ही गोष्टी स्पष्ट सांगितल्या. महाराष्ट्र त्यांना डोक्यावर घेतो तो मुंबईसाठी राजीनामा दिला म्हणून. ते योग्यच आहे. पण निवेदनातला दुसरा मुद्दा, मंत्रिमंडळाला न विचारता घेतलेल्या निर्णयाचा, आपल्या स्मरणातून निसटला. १९५६ साली पंतप्रधानांच्या तोंडावर मांडलेला तोच मुद्दा १९७५ च्या त्या रात्री राष्ट्रपतिभवनात कोणी मांडला नाही. दोन प्रसंग शेजारी ठेवले की देशमुखांच्या राजीनाम्याचे खरे वजन कळते. तो केवळ मराठी माणसाचा राजीनामा नव्हता. राज्य कसे चालवावे याविषयीचा होता.

राजीनाम्यानंतरही त्यांनी हा धागा सोडला नाही. विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्षपद सांभाळत असताना, १९५९ मध्ये, मंत्र्यांवरच्या आरोपांची चौकशी करणारे कायमस्वरूपी स्वतंत्र न्यायासन असावे, अशी मागणी त्यांनी जाहीरपणे केली. त्याच वर्षी त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मागणी दिल्लीला रुचली नाही. महाराष्ट्राने १९७१ मध्ये लोकायुक्ताचा कायदा केला. केंद्रात लोकपालाचा कायदा यायला २०१३ उजाडले.

मग आली १९६९ ची राष्ट्रपतिपदाची निवडणूक. डॉ. झाकिर हुसेन ३ मे रोजी पदावर असतानाच वारले. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी. त्यांच्या उमेदवारी अर्जावर सूचक म्हणून पंतप्रधान इंदिरा गांधींचीच सही होती. काळजीवाहू राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांनी १९ जुलैला बँकांच्या राष्ट्रीयीकरणाच्या वटहुकमावर सही केली, दुसऱ्या दिवशी पद सोडले आणि अपक्ष म्हणून उभे राहिले. स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांनी त्र्याहत्तर वर्षांच्या देशमुखांना उभे केले. इंदिरा गांधींनी आमदार-खासदारांना सदसद्विवेकबुद्धीला स्मरून मत द्या, असे आवाहन केले. १६ ऑगस्टला मतदान झाले. पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मूल्याची मते पडली. कोणाचाच कोटा पुरा झाला नाही; दुसऱ्या पसंतीची मते मोजल्यावर गिरी ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ असे निवडून आले.

विवेकाच्या नावाने लढली गेलेली ही राष्ट्रपतिपदाची निवडणूक, आणि विवेकासाठी मंत्रिपद सोडलेले देशमुख तिच्यात तिसरे आले. देशमुखांचा पराभव ही शोकांतिका म्हणून रंगवण्याचे कारण नाही. त्यांच्या पाठीशी उभ्या पक्षांचे संख्याबळ कमी होते, लढाई काँग्रेसच्या दोन गटांची होती आणि त्यांना उभे करणाऱ्यांचा मुख्य हेतू इंदिरा गांधींना शह देण्याचा होता. पण या सगळ्या गदारोळात सर्वांत योग्य माणूस कोण, हा प्रश्न कोणाच्याच तोंडी नव्हता, हे खरे. विजयी झालेल्या गिरींनाही त्यांचे श्रेय द्यायला हवे. त्यांच्या निवडीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले, तेव्हा १९७० मध्ये ते स्वतः न्यायालयात साक्षीला हजर राहिले. पदावरचा राष्ट्रपती साक्षीदार म्हणून न्यायालयात जाण्याची ती पहिलीच वेळ. पदाच्या आडोशाला न बसता प्रश्नांना सामोरे जाणे हीही नीतीच आहे.

यावर व्यवहारी माणूस म्हणेल, नीतीने पोट भरत नाही. राज्य चालवायला चातुर्य लागते. लागतेच. रिचर्ड निक्सनपाशी ते भरपूर होते. १९७२ मध्ये चीनचे दार उघडणारा तो अध्यक्ष. पण वॉटरगेट प्रकरणात देशाशी खोटे बोलल्याचे त्याच्याच कार्यालयातल्या ध्वनिफितींनी उघड केले आणि ९ ऑगस्ट १९७४ रोजी त्याला पद सोडावे लागले. उलट, नेल्सन मंडेला यांना दुसऱ्यांदा निवडून येणे अवघड नव्हते, तरी १९९९ मध्ये एकाच मुदतीनंतर ते बाजूला झाले. चातुर्याने मिळवलेले अध्यक्षपद लोकांच्या विश्वासावर टिकते, आणि तो गेला की चातुर्य कामाला येत नाही.

कायदेशीर आणि न्याय्य या दोन गोष्टी नेहमी एक नसतात, हे शिकवायला मुळशी तालुक्यासारखी जागा नाही. पौडच्या पुढे, सह्याद्रीच्या कुशीत, टाटा कंपनीच्या वीजप्रकल्पासाठी सरकारने भूसंपादन कायद्याखाली शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या. सगळे कागद कायद्याप्रमाणे होते, सह्या-शिक्के जागच्या जागी होते. तरी १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मावळे सत्याग्रहाला बसले. त्या लढ्याने पांडुरंग महादेव बापटांना ‘सेनापती’ केले. धरण झाले, गावे बुडाली, इथले पाणी घाटाखाली भिरा येथे उतरून मुंबईसाठी वीज करू लागले. सत्याग्रह हरला. पण ज्या कागदाखाली सही आहे तो कागद न्याय्यच असतो असे नाही, हे त्या पिढीने पुढच्यांना सांगून ठेवले. सही करणाऱ्याने कायद्याच्या पलीकडचा प्रश्न स्वतःला विचारावा, ही या पुस्तकातली मागणी मुळशीच्या मातीतच उगवलेली आहे.

वाचकाने पुस्तक वाचताना प्रत्येक प्रसंगाला चार प्रश्न लावावेत. कागद वाचला होता का? जो नियम विरोधकाला लावला तो आपल्या माणसाला लावला का? आपले मत आणि पदाचे कर्तव्य यांत गल्लत केली का? आणि चूक झाली असेल तर ती उघडपणे पदरात घेतली का? या चारांत सगळे राष्ट्रपती सगळीकडे उत्तीर्ण होत नाहीत. तशी अपेक्षाही नाही. थोर म्हणायचे कोणाला, हे ठरवण्यापुरते एवढे पुरेसे आहे.

या प्रश्नांशी आपले काय देणेघेणे, असे घोटावड्याच्या मतदाराला वाटू नये. राष्ट्रपतीला आपण थेट मत देत नाही, पण भोर विधानसभा मतदारसंघातून आपण निवडलेला आमदार आणि बारामती लोकसभा मतदारसंघातून निवडलेला खासदार ते देतात. महाराष्ट्राच्या प्रत्येक आमदाराच्या मताचे मूल्य १७५ आहे. हे मतदान गुप्त असते आणि त्याला पक्षादेश लागू होत नाही. म्हणजे विवेकाने मत देण्याची पुरती मोकळीक आमदाराला कायद्यानेच आहे. विद्यमान राष्ट्रपतींची मुदत जुलै २०२७ मध्ये संपते. उमेदवारांची नावे जाहीर होतील तेव्हा आपल्या आमदाराला आणि खासदाराला गाठा, हे चार प्रश्न विचारा आणि मत कोणाला देणार यापेक्षा कशासाठी देणार हे सांगायला लावा. तोवरच्या सरावासाठी गावची ग्रामसभा आहेच. सरपंचापुढच्या ठरावावर सह्या होण्याआधी तो मोठ्याने वाचून दाखवा, असे म्हणायचा अधिकार तिथे प्रत्येक मतदाराला आहे. तो वापरा.

घोटावडे, ता. मुळशी, जि. पुणे